ओटचा कोंब ते मास स्पेक्ट्रोमीटर : वनस्पतींच्या संप्रेरकांचे मोजमाप

स्मरणिकेच्या संपादक मंडळाचा निरोप असा होता : "तुझ्या विषयावर लिही, पण आम्हाला कळेल असे लिही." माझा विषय म्हणजे वनस्पतींतल्या संप्रेरकांचे प्रमाण मोजणे. नोकरीची सगळी वर्षे मी हेच केले. आधी शिकाऊ म्हणून, मग यंत्राची जबाबदारी अंगावर घेऊन. १९८१ साली माझ्याबरोबर दहावी झालेल्यांपैकी कितीतरी जणांच्या घरी द्राक्षबाग आहे. त्यामुळे 'जीए' आणि 'सीसीसी' ही नावे तुम्हाला माझ्याआधीच ठाऊक होती. जीए म्हणजे जिबरेलिक आम्ल, मणी फुगावेत म्हणून घड ज्यात बुडवतात ते. सीसीसी म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, वेलीचा माज उतरवणारे. पहिले वनस्पतीच्या संप्रेरकांपैकी एक. दुसरे त्या संप्रेरकांची घडण अडवणारे, कारखान्यात बनवलेले रसायन. दोन्ही इतक्या कमी प्रमाणात काम करतात की "आम्ही ते मोजले" असे कोणी म्हणाले, तर "कशावरून?" हा प्रश्न विचारायलाच हवा. या "कशावरून"चा इतिहास मला सांगायचा आहे. त्यात एक असे संप्रेरक आहे की जे वीसेक वर्षे पाठ्यपुस्तकांत नांदले आणि प्रत्यक्षात कधी नव्हतेच.

विज्ञानाच्या बाईंनी फळ्यावर काढलेला, खिडकीकडे वाकलेला कोंब आठवत असेल. ते चित्र मुळात चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांचे. वनस्पतींच्या हालचालींवरचे त्यांचे पुस्तक १८८० साली आले. त्यात त्यांनी दाखवले की गवताच्या कोंबाचे टोक झाकले तर कोंब प्रकाशाकडे वाकत नाही. म्हणजे प्रकाश कळतो टोकाला, वाक येतो खाली. मधून काहीतरी निरोप जातो. हा निरोप जिलेटिनच्या थरातूनही पलीकडे जातो, हे पुढे डेन्मार्कच्या बॉयसेन येन्सेन यांनी दाखवले. पण निरोप हाती पकडला तो हॉलंडमधल्या युट्रेख्ट शहरात, १९२६ साली, फ्रिट्स वेंट या तरुणाने.

वेंटची युक्ती साधी होती. ओटच्या कोंबांची टोके कापायची आणि ती अगरच्या पातळ तुकड्यावर काही वेळ ठेवायची. अगर म्हणजे आपण घरी पुडिंगसाठी 'चायना ग्रास' आणतो तेच. टोकातले द्रव्य अगरमध्ये उतरते. मग टोके फेकून द्यायची, अगरचे चिमुकले तुकडे करायचे आणि एकेक तुकडा बिनटोकाच्या ताज्या कोंबावर एका कडेला ठेवायचा. ज्या बाजूला तुकडा, ती बाजू जास्त वाढते आणि कोंब दुसऱ्या बाजूला वाकतो. दीड तासाने कोंबाची सावली छायाचित्राच्या कागदावर घ्यायची आणि कोन मोजायचा. द्रव्य दुप्पट, तर एका मर्यादेपर्यंत कोनही दुप्पट. वनस्पतीचे संप्रेरक मोजण्याची ही पहिली खरी पद्धत. हे सगळे चालायचे अंधाऱ्या खोलीत, तांबड्या दिव्याखाली, पंचवीस अंश तापमानात, हवेत भरपूर ओलावा राखून. साधा उजेड पडला की कोंब स्वतःच वाकणार आणि दिवस वाया.

मला या पद्धतीविषयी नेहमीच आदर वाटत आला आहे. ज्या काळी एक मिलिग्रॅम तोलणे हेच कौशल्य मानले जाई, त्या काळी हा कोंब त्याच्या कितीतरी हजारावा भाग ओळखत होता. पण यात तराजू म्हणून एक सजीव वापरला जातो, आणि सजीवाचा स्वभाव तराजूला चालत नाही. आजचे कोंब कालच्यासारखे वाकत नाहीत. अर्कात वाढ रोखणारे दुसरे काही असेल तर कोन कमी येतो आणि आपण म्हणतो संप्रेरक कमी आहे. आणि सर्वांत मोठी अडचण अशी की कोंब "किती" ते सांगतो, "काय" ते सांगत नाही. अर्कातल्या शंभर पदार्थांपैकी कोणामुळे आपण वाकलो, हे त्याला विचारता येत नाही.

नेमके याच जागी पुढचा घोटाळा झाला.

त्याच युट्रेख्टमध्ये फ्रिट्स कोगल हे जर्मन रसायनज्ञ प्राध्यापक होते. कोंब वाकवणारे द्रव्य शुद्ध रूपात मिळवायचे त्यांनी ठरवले. एवढी ओटची टोके कापायची कोणी? म्हणून ते द्रव्य आणखी कुठे सापडते याचा शोध घेतला, तर ते माणसाच्या लघवीत भरपूर निघाले. मग पिंपेच्या पिंपे लघवी गोळा झाली. कोगल, आरी हागेन-स्मिट आणि हानी एर्क्सलेबेन या तिघांनी १९३०च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यातून स्फटिक काढले आणि द्रव्याला नाव दिले 'ऑक्झिन अ'. रेणूची घडणही सांगितली : अठरा कार्बन, बत्तीस हायड्रोजन, पाच ऑक्सिजन. पाठोपाठ माल्ट आणि मक्याच्या तेलातून 'ऑक्झिन ब' आले. आणि १९३४ साली लघवीतूनच एक तिसरा, अगदी साधा पदार्थ मिळाला, इंडोल अ‍ॅसिटिक आम्ल. तोही कोंब वाकवत होता. पण 'अ' आणि 'ब' ही खरी संप्रेरके आधीच ठरून गेली होती, म्हणून या तिसऱ्याला नाव मिळाले 'हेटेरो-ऑक्झिन', म्हणजे परके ऑक्झिन.

गंमत पाहा. ज्याला परके म्हटले तेच घरचे निघाले. केनेथ थिमान यांना ते बुरशीत सापडले, पुढे मक्याच्या कोवळ्या दाण्यांत सापडले, आणि आज जवळजवळ प्रत्येक वनस्पतीत ते मुख्य ऑक्झिन म्हणून ओळखले जाते. 'अ' आणि 'ब' मात्र युट्रेख्टबाहेर कोणाच्या हाती लागेनात. तरीही नामांकित प्रयोगशाळेतून आलेली घडण, नेमकी सूत्रे, आकडे. पाठ्यपुस्तकांनी ती छापली आणि छापत राहिली.

कोगल १९५९ साली वारले. त्यांच्या कपाटात मूळ नमुन्यांच्या कुप्या राहिल्या होत्या. १९६६ साली युट्रेख्टमधल्याच दोघा संशोधकांनी, दोघांचेही आडनाव फ्लिगेन्टहार्ट, त्या कुप्यांतले कण मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये घातले. 'ऑक्झिन अ' असते तर रेणूचे वजन ३२८ भरायला हवे होते. कुपीत निघाले कोलिक आम्ल, वजन ४०८, पित्तात असते ते. दुसऱ्या कुप्यांतही ऑक्झिन ब वगैरे काही नव्हते. जो प्रश्न तीस वर्षे भिजत पडला होता, तो यंत्राने काही कणांत निकाली काढला. यात कोणाचा दोष यावर पुढे बरेच लिहिले गेले. मला त्यात रस नाही. माझ्या लेखी मुद्दा एवढाच आहे की कोंब वाकत होता हे खरे होते, कोनांचे आकडेही असतील. पण आकडा कशाचा, हे सांगायला तेव्हा कोणी नव्हते. (तिघांपैकी हागेन-स्मिट पुढे कॅलिफोर्नियाला गेले आणि लॉस एंजेलिसच्या धुरक्याचे मूळ मोटारींच्या धुरात आणि तेल शुद्धीकरणाच्या वाफांत आहे हे शोधल्याबद्दल प्रसिद्ध झाले. माणसाचे आयुष्य एका लेखावर संपत नाही.)

आता या यंत्राविषयी थोडे. मास स्पेक्ट्रोमीटर हा रेणूंचा वजनकाटा आहे. रेणूला विद्युतभार द्यायचा, निर्वात पोकळीत पळवायचे आणि चुंबकाने किंवा विद्युतक्षेत्राने वळवायचे. वळणावर हलकी सायकल पटकन वळते आणि उसाची ट्रॉली बाहेर फेकली जाते, तसे हलके-जड रेणू वेगळे होतात. जे. जे. थॉमसन यांनी १९१३च्या सुमारास याच तत्त्वावर दाखवले की निऑन वायूत २० आणि २२ अशा दोन वजनांचे अणू आहेत. त्यांचे शिष्य अ‍ॅस्टन यांनी १९१९ साली उपकरण सुधारले आणि १९२२चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवले. एकाच मूलद्रव्याची ही हलकी-जड भावंडे म्हणजे समस्थानिके. ती लक्षात ठेवा, पुढे त्यांच्यावाचून आपले पान हलणार नाही.

झाडाचा अर्क थेट या यंत्रात घालणे म्हणजे बाजाराच्या दिवशी सगळे गाव एकदम काट्यावर चढवणे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस गॅस क्रोमॅटोग्राफ पुढे जोडला गेला. तो अर्कातले पदार्थ एका लांब नळीतून रांगेने सोडतो आणि काट्यावर एकावेळी एकजण येतो. वनस्पतिशास्त्रात याचा सर्वांत सुरेख उपयोग केला इंग्लंडमध्ये ब्रिस्टल विद्यापीठातल्या जेक मॅकमिलन यांनी, आणि तोही आपल्या जीएच्या कुळावर. जिबरेलिनचा शोध मुळात भाताच्या रोगातून लागला. रोप काठीसारखे उंच वाढून लोळते, असा तो रोग. तो एका बुरशीच्या स्रावामुळे होतो हे तैवानमध्ये काम करणाऱ्या कुरोसावा यांनी १९२६ साली दाखवले. तेच वर्ष, वेंटचे. पुढे कळले की असे पदार्थ निरोगी झाडेही बनवतात, आणि एक-दोन नव्हे. आजवर १३६ जिबरेलिने क्रमांक देऊन नोंदली आहेत. घडण इतकी सारखी की द्राक्षाला वापरतो ते जीए-३ आणि झाडातले जीए-१ यांच्या वजनात फरक फक्त दोन हायड्रोजनांचा : ३४६ आणि ३४८. एवढा फरक रोपाच्या वाढीवरून सांगणे अशक्य. काट्यावर तो लख्ख दिसतो.

याच कामातले एक पान मला फार आवडते. दहावीला आपण मेंडेलचे उंच आणि बुटके वाटाणे पाठ केले. 'टी' मोठी आणि 'टी' छोटी अशी अक्षरे चौकोनांत भरली. पण उंच म्हणजे रोपाच्या आत नेमके काय वेगळे, हे पुस्तकात नव्हते, कारण तेव्हा ते कोणालाच सांगता येत नव्हते. १९८४ साली, म्हणजे आपली दहावी होऊन तीनच वर्षांनी, ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाचे संशोधक आणि ब्रिस्टलचा गट यांनी मिळून ते शोधले. त्यांनी जड कार्बनची खूण असलेले जीए-२० वाटाण्याच्या रोपांना दिले आणि त्याचे पुढे काय होते ते मास स्पेक्ट्रोमीटरने पाहिले. उंच रोपात जीए-२० ला एक ऑक्सिजन जोडला जाऊन जीए-१ तयार होत होते : ३३२ चे ३४८. बुटक्या रोपात ही पायरी अडली होती. सोळा वजनाचा एक ऑक्सिजन योग्य जागी लागला की वाटाणा उंच. मेंडेलच्या लेखानंतर सव्वाशे वर्षांच्या आत त्याच्या प्रश्नाचे उत्तर वजनाच्या भाषेत मिळाले.

इथवर "काय" याचे उत्तर झाले. "किती" याचे व्हायचे होते, आणि ते जास्त अवघड आहे.

कोवळ्या शेंड्यात एका ग्रॅमला दहा नॅनोग्रॅम ऑक्झिन असते असे धरा. म्हणजे एक टन शेंडे घेतले तर त्या सगळ्यांत मिळून दहा मिलिग्रॅम. ते काढायचे कसे? शेंडे द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवायचे, खलात पूड करायची, थंड मिथेनॉलमध्ये भिजवायची, गाळायची, हरितद्रव्य आणि मेद बाजूला काढायचे, सुकवायचे, पुन्हा विरघळवायचे. प्रत्येक पायरीला थोडे सांडते, थोडे काचेला चिकटते. इंडोल अ‍ॅसिटिक आम्ल तर नाजूक. उजेडाने आणि हवेने मोडते. शेवटी हातात निम्मे उरते की दशांश, हे प्रत्येक वेळी वेगळे. काट्याने उरलेले कितीही नेमके तोलले तरी झाडात मुळात किती होते ते कसे सांगणार? ग्लासगोचे अ‍ॅलन क्रोझियर आणि त्यांचे सहकारी रीव्ह यांनी १९८० साली या विषयावर लिहिताना आपल्या सर्वांचे कान उपटले. पुन्हा पुन्हा तोच आकडा येणे वेगळे आणि तो खरा असणे वेगळे, हे त्यांचे म्हणणे. घरातले घड्याळ रोज न चुकता सात मिनिटे पुढे असेल तर त्याचा नेम पक्का म्हणता येईल, वेळ बरोबर म्हणता येणार नाही.

यावरचा उपाय दुसऱ्या शास्त्रातून आला. हंगेरीत जन्मलेले हेवेसी यांनी १९३४ साली जड पाणी पिऊन माणसाच्या शरीरात पाणी किती आणि ते किती दिवसांत बदलते याचा हिशेब केला होता. १९४० साली न्यूयॉर्कमध्ये रिटेनबर्ग आणि फॉस्टर यांनी हेच तत्त्व प्रथिनांतली अमिनो आम्ले मोजायला लावले. मी नव्या मुलांना हे तत्त्व खळ्यावरच्या उदाहरणाने सांगत असे.

समजा खळ्यावर भुसा, माती, कचरा यांचा मोठा ढीग आहे आणि त्यात ज्वारीचे काही पांढरे दाणे मिसळले आहेत. ते किती, हे हवे आहे. सगळे वेचणे शक्य नाही. मग ज्वारीचेच शंभर दाणे मोजून लाल रंगवा आणि ढिगात नीट कालवा. आता उफणा, चाळा, वाऱ्याने उडू द्या, चिमण्या खाऊ द्या. शेवटी ओंजळभर दाणे हाती आले, त्यात तीनशे पांढरे आणि वीस लाल. एका लालमागे पंधरा पांढरे. लाल मुळात शंभर होते, म्हणून पांढरे दीड हजार. किती सांडले याचा हिशेबच ठेवायला नको, कारण वारा आणि चिमण्या लाल-पांढरे असा भेद करत नाहीत.

प्रयोगशाळेत लाल दाणा म्हणजे तेच संप्रेरक, पण जड समस्थानिकाचे बनवलेले. रासायनिक वागणूक तीच, वजन वेगळे. अर्क काढायच्या अगदी पहिल्या क्षणी ते मोजून टाकायचे आणि शेवटी काट्यावर दोघांचे गुणोत्तर पाहायचे. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात रॉबर्ट बँडुर्स्की आणि त्यांच्या गटाने मक्याच्या ऑक्झिनवर असे काम जोमाने चालवले. त्यासाठी हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन बसवलेले इंडोल अ‍ॅसिटिक आम्ल वापरले जाई.

पण लाल रंग धुऊन निघाला तर? तेच होत होते. मक्याच्या दाण्यात बहुतेक ऑक्झिन मोकळे नसते, साखरेसारख्या रेणूंना बांधलेले असते. खळ्याच्या भाषेत, दाणे अजून कणसातच अडकलेले. ते सोडवायला अल्कली वापरावी लागते, आणि त्यात काही जागांवरचे ड्युटेरियम निसटून साधा हायड्रोजन येऊन बसतो. लाल दाणा पांढरा होतो, आणि आकडा फुगतो. शिवाय ड्युटेरियम लावलेला रेणू गॅस क्रोमॅटोग्राफच्या नळीतून किंचित आधी बाहेर पडतो, जोडीने येत नाही. १९८६ साली जेरी कोहेन आणि सहकाऱ्यांनी यावर पक्का रंग काढला. बेंझिनच्या कड्यातले सहाच्या सहा कार्बन जड, वजन १२ ऐवजी १३. कड्यातला कार्बन कशानेच निसटत नाही. साधा रेणू १७५, हा १८१. काट्यावर तुकडा पडतो तो एकाचा १३०, दुसऱ्याचा १३६. सहा एककांची ही जोडी पुढे कित्येक वर्षे जगभरच्या ऑक्झिन मोजणाऱ्यांची रोजची सोबतीण झाली. मी हे काम शिकले ते याच जोडीवर. पडद्यावर दोन शिखरे एकाच क्षणी उगवायची आणि एकाच क्षणी मावळायची. एक जरा मागेपुढे झाले की नमुना परत करायचा, चर्चा नाही.

याच सुमारास प्रतिपिंडांवर आधारलेल्या चाचण्याही आल्या. स्वस्त, सोप्या, एका दिवसात शेकडो नमुने. पुष्कळांनी त्या वापरल्या आणि सावधपणे वापरल्या तर त्या चांगल्या आहेत. पण प्रतिपिंड चेहऱ्याने ओळखते, आणि अर्कात सारख्या चेहऱ्याचे बरेच असतात. ज्यांनी आपले आकडे मास स्पेक्ट्रोमीटरवर पडताळून घेतले त्यांचे काम टिकले. बाकीच्यांचे आकडे वाचताना मी आजही पेन्सिल हातात धरते.

जड जुळे हाताशी असले तरी सगळे मिटले असे नाही. इंडोल पायरुव्हिक आम्ल नावाचा एक नातेवाईक आहे. तो अर्क काढतानाच मोडून इंडोल अ‍ॅसिटिक आम्ल बनतो. म्हणजे खळ्यावर पडल्यावर दुसऱ्याच धान्याचा दाणा पांढरी ज्वारी व्हावा तसे. लाल दाण्यांना याचा पत्ता लागत नाही. त्याला आधीच रासायनिक बेडी घालून थोपवावे लागते. अशा बारकाव्यांना कंटाळून काही जण हे काम सोडून गेले. मला त्यातच गोडी वाटली.

मोजमाप भरवशाचे झाल्यावर काय दिसू शकते याचे एकच उदाहरण देते. स्वीडनमध्ये उमेओ इथल्या गटाने १९९६ साली पाइनच्या खोडाचे गोठवलेले तुकडे घेऊन सालीकडून लाकडाकडे तीस मायक्रॉन जाडीचे काप काढले. आपला केस याहून जाड असतो. प्रत्येक कापातले ऑक्झिन वेगळे मोजले. जिथे नव्या पेशी जन्मतात त्या थरात ते शिगेला, दोन्ही बाजूंना उतार. झाडाच्या पेशीला आपण कुठे आहोत हे ऑक्झिनच्या मात्रेवरून कळत असावे, या कल्पनेला मोठा आधार मिळाला. वेंटच्या कोंबाला हे कधीच सांगता आले नसते. पुढे जॉन फेन यांच्या इलेक्ट्रोस्प्रेमुळे पदार्थ वाफ न करता, द्रवातूनच थेट काट्यावर जाऊ लागले. त्यांना २००२चे नोबेल मिळाले. २०१८ साली चेक प्रजासत्ताक आणि स्वीडनमधल्या संशोधकांनी वीस मिलिग्रॅमपेक्षा कमी ओल्या रोपातून संप्रेरके आणि त्यांचे नातेवाईक असे १०१ पदार्थ एका फेरीत मोजण्याची पद्धत छापली. १९७९ साली ब्रासिनोलाइड हे संप्रेरक पहिल्यांदा शुद्ध करताना मधमाश्यांनी गोळा केलेले मोहरीवर्गातले २२७ किलो परागकण लागले होते आणि हाती आले होते चार मिलिग्रॅम. तेव्हा घडण ठरवायची म्हणून एवढे लागले, आता फक्त मोजायचे असते, हा फरक खराच. तरी हे दोन आकडे शेजारी ठेवले की माझ्या अंगावर काटा येतो.

हे सगळे परदेशातले झाले. आता आपल्या शिवारातले.

२०१०च्या हंगामात युरोपला गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाटचा अंश सापडला आणि माल अडला. मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. तेरा टनांच्या कंटेनरमध्ये सगळे मिळून साडेसहाशे मिलिग्रॅम, म्हणजे चिमूटभरसुद्धा नाही. त्या मार्चमध्ये आपल्या वर्गातल्या एकाचा मला फोन आला. आवाज चढलेला. औषध मारले ते एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, फळ धरले ऑक्टोबर छाटणीनंतर, माल तोडला फेब्रुवारीत. मधे दहा महिने गेले. शिवाय इथल्या तपासणीत माल स्वच्छ होता. मग तिकडचे यंत्र खोटे की इकडचे?

दोन्ही खरी होती. अवशेष तपासण्याची नेहमीची पद्धत अशी की द्राक्षाचा लगदा एका द्रावकात घुसळायचा, शेकडो कीटकनाशके-बुरशीनाशके त्यात उतरतात आणि एकाच फेरीत मोजली जातात. क्लोरमेक्वाट मात्र मिठासारखे. ते कायम विद्युतभारित असते. त्याचा जीव पाण्यात. द्रावकात ते येतच नाही, लगद्याबरोबर मागे राहते. त्याच्यासाठी वेगळा अर्क, वेगळी फेरी लागते, आणि त्या हंगामापर्यंत निर्यातीच्या तपासणी यादीत त्याचे नाव नव्हते. "आढळले नाही" हे शब्द फक्त जे शोधले त्यालाच लागू होते. दहा महिन्यांचे म्हणाल तर हे रसायन झाडाच्या लाकडात टिकून राहते आणि पुढल्या फळात उतरते, हे युरोपातल्या नासपतीच्या बागांत आधीच दिसून आले होते. वेलही तशीच वागली.

मित्राला मी हे सगळे सांगितले. त्याचे नुकसान त्याने भरून निघाले नाही, आणि फोन ठेवताना तो माझ्यावर खूश नव्हता हेही सांगायला हवे. त्या साली कितीतरी बागायतदारांना निर्यातीचा माल मिळेल त्या भावाने देशातल्या बाजारात काढावा लागला. पुढच्या हंगामापासून क्लोरमेक्वाट तपासणीत आले. त्याच्या चाचणीतही जड जुळे असते. साधा आयन १२२ वजनाचा, ड्युटेरियमचे नऊ अणू बसवलेला १३१. द्राक्षाच्या रसातली साखर यंत्राची संवेदना दाबते, ती दोघांचीही सारखीच दाबते, गुणोत्तर ढळत नाही. मर्यादेच्या जरा वर-खाली येणाऱ्या नमुन्याचा निवाडा याच्यावरच होतो.

मागच्या वर्षी त्याच मित्राने त्याच्या अहवालाची प्रत मला पाठवली. आकड्यांविषयी त्याला काहीच विचारायचे नव्हते. त्याने मागचे पान उघडून तपासलेल्या रसायनांची यादी वरून खाली वाचली होती आणि वाढ-नियंत्रकांपैकी एक नाव त्यात दिसत नाही, ते मुद्दाम वगळले की राहिले, एवढेच विचारले होते. मी प्रयोगशाळेला फोन केला. ते वेगळ्या फेरीत मोजले होते; त्याचा कागद दुसऱ्या दिवशी येणार होता.